दुसऱ्याची दुखापत, आपले पॉइंट्स

सप्टेंबरपासून डिसेंबर संपेपर्यंत दर रविवारी सकाळी अमेरिकेतली लाखो माणसं एकाच प्रश्नाशी झटत असतात. दोन वाइड रिसीव्हर आहेत, जागा एकच आहे. कुणाला खेळवायचं?

हे लोक कोच नसतात. कुणी नर्स असते, कुणी ट्रक चालवतो, कुणी माझ्यासारखा दिवसभर कोड लिहितो. त्यांची टीम फोनमध्ये असते. फॅन्टसी फुटबॉल म्हणजे काय, हे ड्रीम इलेव्हन माहीत असलेल्यांना लगेच कळेल. खऱ्या खेळाडूंची आपण टीम बनवायची आणि ते मैदानात जे करतील त्याचे पॉइंट्स आपल्याला मिळणार. (आपल्याकडे २०२५च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर कायद्यानं बंदी आली, तोवर ते ॲप ज्याच्या फोनमध्ये नाही असा मित्र सापडणं कठीण होतं.) फरक एवढाच की अमेरिकेतला पारंपरिक प्रकार एका सामन्यापुरता नसतो. दहा-बारा मित्रांची लीग असते, हंगामाआधी सगळे मिळून एकेक खेळाडू निवडतात आणि एक खेळाडू लीगमध्ये एकाच्याच टीममध्ये असतो. तो तुमचा. चार महिने तुमचा. त्याचं बरंवाईट तुमचं.

वाइड रिसीव्हर हा मैदानाच्या कडेला उभा राहून, सुसाट पळत जाऊन क्वार्टरबॅकनं फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. दहा यार्डांना एक पॉइंट, टचडाउनचे सहा, आणि बऱ्याच लीगमध्ये प्रत्येक झेलाला एक. याची निवड सगळ्यात अवघड, कारण त्याच्या हातात फार थोडं असतं. तो अप्रतिम पळाला, पण चेंडू दुसऱ्याकडेच गेला तर भोपळा. एखाद्या रविवारी त्याच माणसाचे चार पॉइंट्स होतात, पुढच्या रविवारी चोवीस. म्हणून निवडताना आपण जमेल तेवढी माहिती गोळा करतो: समोरचा बचाव कसा आहे, पाऊस आहे का, वारा किती आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याचं शरीर कसं आहे.

हा शेवटचा मुद्दा मला बरेच दिवस छळतोय.

एनएफएलमधल्या प्रत्येक टीमला दुखापतींचा अहवाल जाहीर करावा लागतो. रविवारचा सामना असेल तर बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस कुणी पूर्ण सराव केला, कुणी अर्धा केला, कुणी केलाच नाही, हे कळतं. शुक्रवारी खेळाडूच्या नावापुढे शिक्का पडतो: ‘क्वेश्चनेबल’, ‘डाउटफुल’ किंवा ‘आउट’. सामन्याच्या दीड तास आधी अंतिम यादी येते. अहवालाची ही पद्धत १९४७ची, लीगचे तेव्हाचे आयुक्त बर्ट बेल यांच्या काळातली. आदल्याच वर्षी अंतिम सामन्याआधी दोन खेळाडूंना लाच देऊ केल्याचं प्रकरण गाजलं होतं. कुणाचा गुडघा दुखतोय ही आतली बातमी सट्टेवाल्यांना गुपचूप विकली जाऊ नये, म्हणून ती सगळ्यांनाच सांगायची, असा त्यामागचा विचार. म्हणजे या अहवालाच्या जन्माचा खेळाडूच्या काळजीशी फारसा संबंध नव्हता. पैसे लावणाऱ्यांना समान माहिती मिळावी, हा मुद्दा होता.

आणि आज मी तो अहवाल तसाच वाचतो. ‘हॅमस्ट्रिंग, अर्धा सराव’ हे शब्द दिसले की डोक्यात गणित सुरू होतं. खेळण्याची शक्यता साठ टक्के. खेळलाच तर नेहमीच्या सत्तर टक्के वेगानं. मग दुसरा, कमी गुणी पण धडधाकट रिसीव्हर बरा. हे सगळं दहा सेकंदांत होतं. मांडीचा एक फाटलेला स्नायू एका दशांश अपूर्णांकात बदलतो.

प्रश्न असा: यात मी त्या माणसाचं काही वाईट केलं का?

सरळ उत्तर आहे, नाही. मी त्याला बेंचवर बसवलं काय किंवा खेळवलं काय, त्याला पत्ताही लागत नाही. माझ्या बटणानं त्याच्या स्नायूवर एक ग्रॅमही ताण वाढत नाही. नैतिकतेचा हिशोब परिणामांवरून करायचा तर इथे दोन्ही बाजूंना शून्य आहे. उलट असंही म्हणता येईल, की या खेळामुळेच मला त्याचं नाव माहीत झालं. ॲडम स्मिथनं एक गंमतीदार पण टोचणारं उदाहरण दिलं होतं. चीनमध्ये भूकंप होऊन असंख्य माणसं गेली, तर युरोपातला एखादा सज्जन हळहळेल आणि मग शांत झोपेल. पण उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे असं कळलं तर त्याला रात्रभर झोप लागणार नाही. फॅन्टसी फुटबॉलनं एक विचित्र गोष्ट केलीय. हजार मैलांवरच्या अनोळखी माणसाची मांडी तिनं माझ्या करंगळीला जोडून दिलीय. त्याला लागलं की मला लागतं. फक्त मला जे लागतं, ते त्याला लागलेलं नसतं. माझे बारा पॉइंट्स गेलेले असतात.

ही गोष्ट एका खेळाडूनं फार स्पष्ट बोलून दाखवली होती. ह्यूस्टन टेक्सन्सचा एरियन फॉस्टर हा रनिंग बॅक २०१०च्या हंगामात सगळ्यात जास्त यार्ड पळाला होता. पुढच्या ऑगस्टमध्ये, हंगाम सुरू होण्याआधीच, त्याचं हॅमस्ट्रिंग दुखावलं. त्यावर त्यानं ट्विटरवर लिहिलं, त्याचा आशय असा: ज्यांना माझी खरोखर काळजी आहे त्यांना सांगतो, मी ठीक आहे, आणि ज्यांना आपल्या फॅन्टसी टीमची काळजी आहे ते लोक विकृत आहेत. त्यावरून बरीच चर्चा झाली. अनेकांचं म्हणणं पडलं, की चाहत्यांमुळेच तर यांना पैसे मिळतात.

पण फॉस्टरची तक्रार पैशांची नव्हती. तुम्ही मला इजा केली असंही तो म्हणत नव्हता. त्याचा आक्षेप एका प्रश्नावर होता. ‘कसा आहे तो?’ हा प्रश्न दोन माणसं विचारतात. शब्द तेच, पण एकाला माणसाबद्दल जाणून घ्यायचं असतं आणि दुसऱ्याला रविवारबद्दल.

आता यातली सगळ्यात अवघड बाजू. एका खेळाडूला दुखापत झाली की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि तो दुसरा बहुतेक लीगमध्ये कुणाच्याच टीममध्ये नसतो. मग त्याला मिळवायला झुंबड उडते. २०२३मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचा कूपर कप हॅमस्ट्रिंगमुळे पहिल्या चार सामन्यांना मुकला. हा २०२१मध्ये १,९४७ यार्ड मिळवलेला, लीगमधला अव्वल रिसीव्हर. त्याच्या गैरहजेरीत पाचव्या फेरीत निवडलेल्या पुका नाकुआ नावाच्या नवख्या पोराला चेंडू मिळू लागला. पहिल्या सामन्यात दहा झेल, दुसऱ्यात पंधरा. हंगामाअखेर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड; नवख्या खेळाडूसाठी दोन्ही तेव्हाचे विक्रम. ज्यांनी त्याला पहिल्या आठवड्यानंतर फुकटात उचललं, त्यांचं वर्ष सोन्याचं झालं.

मराठीत अशा लाभासाठी एक जळजळीत वाक्प्रचार आहे: मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं. तो इथे लागू होतो का?

मला वाटतं, आधी तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. दुसऱ्याच्या नुकसानातून आपला फायदा होणं ही एक. तशी वेळ येईल म्हणून तयारीत असणं ही दुसरी. आणि तशी वेळ यावी अशी इच्छा करणं ही तिसरी. घाटाच्या पायथ्याशी पंक्चरचं दुकान टाकलेला माणूस घ्या. त्याचं पोट दुसऱ्याच्या फुटक्या टायरवर चालतं. रोज सकाळी तो कॉम्प्रेसर भरून तयार असतो. यात वाईट काहीच नाही; तो नसता तर आपली रात्र घाटात गेली असती. त्यानं रस्त्यावर खिळे टाकले तर तो गुन्हेगार, हेही उघड आहे. पण समजा तो खिळे टाकत नाही, फक्त दुकानात बसून मनातल्या मनात म्हणतो, ‘आज चार तरी फुटू दे रे देवा.’ तो काय आहे?

त्यानं कुणाचंच काही बिघडवलेलं नाही. तरी आपल्याला तो आवडत नाही. आणि टाळूवरच्या लोण्याचा वाक्प्रचार नेमका इथे बोट ठेवतो असं मला वाटतं. त्या मेलेल्या माणसाला लोण्याचा काही उपयोग नव्हता. खाणाऱ्यानं त्याचं काही हिरावून घेतलेलं नाही. भाषेला किळस येते ती चोरीची नाही, भुकेची. समोर प्रेत असताना ज्याला आधी लोणी दिसतं, त्या नजरेची.

नाकुआला निवडणारा आणि रॅम्सचा खरा कोच, दोघांनीही एकच गोष्ट केली: कप नाही तर कोण, हे ठरवलं. त्या पोराला ती संधी मिळायलाच हवी होती. म्हणून लाभ घेणं वाईट नाही, तयारीत असणंही नाही. पण तिसऱ्या गोष्टीकडे जाणारा उतार फार गुळगुळीत आहे. ज्याच्याकडे अव्वल रिसीव्हरचा बदली खेळाडू बेंचवर आहे, त्यानं टीव्हीवर तो अव्वल रिसीव्हर लंगडताना पाहिला की त्याच्या चेहऱ्यावर अर्ध्या सेकंदासाठी जे येतं, ते मी अनेकांच्या चेहऱ्यांवर पाहिलंय. ती माणसं वाईट नाहीत. खेळानं त्यांच्या नजरेला तसं वळण लावलंय.

इथे कुणी म्हणेल, एवढ्या खेळावर इतका विचार कशाला? त्याचं कारण माझ्या नोकरीत आहे.

‘बेंच’ हा शब्द मी फॅन्टसी फुटबॉलमध्ये शिकलो नाही, पुण्यात शिकलो. इंजिनिअरिंग संपवून पहिल्या कंपनीत गेलो तेव्हा प्रोजेक्ट मिळेपर्यंत अडीच महिने मी बेंचवर होतो. आयटीत काम केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे आपल्याला माणूस म्हणत नाहीत, ‘रिसोर्स’ म्हणतात. ‘दोन रिसोर्स कमी पडतायत’, ‘हा रिसोर्स पन्नास टक्के इकडे टाका’. एक एक्सेल शीट असते, तिच्यात आपलं नाव, स्किल, अनुभवाची वर्षं आणि उपलब्धता. त्याच काळात माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राला डेंग्यू झाला. आमच्या लीडचा त्याला फोन आला. “बरं वाटतंय का रे आता? प्लेटलेट्स किती आहेत?” स्पीकरवर ऐकताना आम्हाला बरं वाटलं. मग, “म्हणजे सोमवारी येशील ना? रिलीज आहे.” मित्रानं फोन ठेवला आणि हसला. तेव्हा आम्हाला ते विनोदी वाटलं होतं. आज वाटतं, एरियन फॉस्टर जे सांगत होता ते हेच. लीडनं प्लेटलेट्सचा आकडा विचारला होता. तो आकडा म्हणजे ‘क्वेश्चनेबल’चा शिक्का होता.

पण गोष्ट इथेच संपवणं लीडवर अन्याय होईल. त्याला खरंच कळायला हवं होतं की सोमवारी कोण आहे. शीटशिवाय प्रोजेक्ट चालत नाही. दोनशे माणसांचं काम वाटायचं तर प्रत्येकाची फक्त एक ओळ करावीच लागते. इमॅन्युएल कांट म्हणतो, माणसाला कधीही निव्वळ साधन म्हणून वागवू नका. या वाक्यात बहुतेकांना ‘साधन’ हा शब्द दिसतो. मला ‘निव्वळ’ महत्त्वाचा वाटतो. आपण सगळेच एकमेकांची साधनं असतो. रिक्षावाला माझ्यासाठी पोचण्याचं साधन आहे आणि मी त्याच्यासाठी दीडशे रुपयांचं. त्यात अपमान नाही. अपमान तेव्हा होतो, जेव्हा शीटच्या ओळीपलीकडे त्या माणसाचं काही शिल्लकच राहत नाही.

मग ते शिल्लक राहिलंय की नाही, हे ओळखायचं कसं? मला एक रात्र आठवते.

२ जानेवारी २०२३, सोमवार. मी ओहायोत एमएस करत होतो आणि आमची वर्गमित्रांची बारा जणांची लीग होती. हंगामाचा सतरावा आठवडा, म्हणजे बहुतेक फॅन्टसी लीगचा अंतिम सामना. मी आधीच बाहेर पडलो होतो. अंतिम फेरीतल्या दोघांचं सगळं त्या रात्रीच्या बफेलो-सिनसिनाटी सामन्यावर अडलं होतं. एकाकडे सिनसिनाटीचा जमार चेस, दुसऱ्याकडे बफेलोचा स्टेफॉन डिग्ज, आणि दोघांत नऊ पॉइंट्सचा फरक. पहिल्याच क्वार्टरमध्ये सिनसिनाटीच्या टी हिगिन्सनं एक चेंडू झेलला आणि बफेलोच्या डमार हॅमलिननं त्याला अडवलं. नेहमीसारखाच टॅकल. हॅमलिन उठून उभा राहिला आणि पुढच्याच क्षणी मागे कोसळला. त्याचं हृदय बंद पडलं होतं. वय २४. मैदानातच सीपीआर सुरू झाला. खेळाडू त्याच्याभोवती कडं करून उभे होते, कित्येक रडत होते. तासाभरानं सामना थांबवल्याचं जाहीर झालं. तो पुन्हा झालाच नाही.

आमच्या ग्रुपवर वीसेक मिनिटं कुणी काही लिहिलं नाही. मग एकाचा मेसेज आला: सामना रद्द झाला तर पॉइंट्सचं काय? तो अंतिम फेरीतला नव्हता, लीगचा हिशोब ठेवणारा होता. लगेच दोघं त्याच्यावर तुटून पडले. त्यानं मेसेज डिलीट केला.

मी त्या मेसेजचा नंतर खूप विचार केला. प्रश्न चुकीचा नव्हता. देशभरातल्या लीगना त्या आठवड्यात तो सोडवावाच लागला. बाकी अकरा जणांच्या डोक्यात तो आलाच नव्हता असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. खटकली ती वेळ. अजून त्या माणसाचे ठोके परत आलेत की नाही हे माहीत नव्हतं. काही प्रश्न योग्य असतात, पण त्यांचा नंबर दुसरा असतो. पहिल्याचं उत्तर यायच्या आधी दुसरा विचारला की तो अश्लील होतो.

पुढे आमच्या अंतिम फेरीतल्या दोघांनी सामना बरोबरीत सोडवला आणि बक्षिसाची रक्कम हॅमलिनच्या निधीत टाकली. लहान मुलांना खेळणी देण्यासाठी त्यानं पूर्वीच उघडलेला तो निधी, उद्दिष्ट फक्त अडीच हजार डॉलर्सचं. त्या आठवड्यात लोकांनी त्यात लाखो डॉलर्स भरले. हॅमलिन वाचला, पुढच्या हंगामात परत खेळला. आणि शुद्धीवर आल्यावर, बोलता येत नव्हतं म्हणून लिहून, त्यानं डॉक्टरांना विचारलं: आपण जिंकलो का?

हे ऐकून आमच्यातला एक जण म्हणाला, बघा, त्यालाही स्कोअरच महत्त्वाचा होता! मला ते पटत नाही. तो स्कोअर त्याचा होता. त्यासाठी त्यानं छाती पुढे केली होती. स्वतःच्या शरीरापुढे स्कोअर ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्याचं शरीर आहे त्याला असतो. सोफ्यावर बसलेल्याला तो हक्क उसना मिळत नाही.

शीटची आणखी एक मर्यादा आहे, ती म्हणजे वेळ. फॅन्टसीचा हंगाम सतरा आठवड्यांत संपतो. शरीराचा हंगाम तसा संपत नाही. डिमेरियस थॉमस हा डेन्व्हरचा वाइड रिसीव्हर २०१२ ते २०१६ अशी सलग पाच वर्षं हजारहून अधिक यार्ड मिळवत होता. त्या काळात ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं की लगेच उचललं जायचं. व्हिन्सेंट जॅक्सन हा असाच आणखी एक भरवशाचा रिसीव्हर. दोघंही २०२१मध्ये गेले, थॉमस ३३व्या वर्षी, जॅक्सन ३८व्या. बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी दोघांच्याही मेंदूंची तपासणी केली तेव्हा सीटीई सापडला, म्हणजे डोक्याला वर्षानुवर्षं बसणाऱ्या धक्क्यांशी जोडला जाणारा मेंदूचा आजार. ज्या झेलांचे पॉइंट्स कुणाच्या तरी टीमला मिळाले, त्यातले कित्येक झेल घेताना त्यांच्या डोक्यांना धक्के बसत होते. पॉइंट्स त्याच रात्री जमा झाले. उरलेला हिशोब त्यांच्या घरच्यांकडे राहिला.

यावर ‘मग खेळणं सोड’ हे एक उत्तर आहे आणि ते देणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. मी सोडलेलं नाही. मी फॅन्टसी सोडल्यानं मैदानातला एकही धक्का कमी होणार नाही, हे एक कारण. पण ते पळवाटीसारखं वाटतं, म्हणून त्यावर भर देत नाही. खरं कारण वेगळं आहे. माणसांची शीट करणं मला टाळता येणार नाही. पुढच्या वर्षी मी बहुधा लीड होईन. मग माझ्यासमोरही नावांची यादी असेल, पुढे टक्केवारी असेल, आणि कुणीतरी ऐन रिलीजच्या आठवड्यात आजारी पडेल. तेव्हा मला दोन्ही प्रश्न विचारावे लागतील. ते कुठल्या क्रमानं तोंडातून येतील, हे त्या दिवशी विचार करून ठरणार नाही. नजरेला तोवर जे वळण लागलं असेल तसेच ते येतील. आणि ते वळण रविवारच्या सकाळीही लागतच असतं.

म्हणून रिसीव्हर निवडताना मी अहवाल वाचतो, टक्केवारी काढतो, लंगडणाऱ्याला बेंचवर बसवून धडधाकटाला खेळवतो. त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण आमच्या लीगनं त्या रात्रीनंतर एक नियम केलाय. खेळाडू मैदानात पडलेला असेल तोवर ग्रुपवर कुणी त्याच्या बदल्याचं नाव लिहायचं नाही. ॲपमध्ये असा नियम टाकता येत नाही आणि मोडणाऱ्याला दंडही नाही. यानं त्या खेळाडूचं काहीच भलं होत नाही, हे आम्हाला माहीत आहे. गेल्या हंगामात एकाचा घोटा वाकला तेव्हा ग्रुपवर सहा-सात मिनिटं शांतता होती. मग तो दोघांच्या खांद्यांवर हात टाकून बाहेर गेला, आणि लगेच तिघांनी एकदम त्याच्या बदल्याचं नाव टाकलं.

तिघंही टपून बसले होते, हे उघड होतं. पण थांबले होते.